जखमी जवानाच्या खाटेपाशी

सीमेवर जायबंदी झालेल्या जवानावर पुढील उपचार पुण्यात झाले, तर जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावातील आई-वडिलांना मुलगा निदान एसटीच्या पल्ल्यात येतो. वानवडी परिसरातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. मणक्याच्या इजेने पायांतील बळ गेलेल्या जवानांसाठी खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे.

मणक्याच्या इजेत आई-वडिलांची कसोटी लागते. संवेदना हरपलेल्या भागाला वेदना कळत नाही; एकाच कुशीवर पडून राहिल्यास तेथे शय्याव्रण होतात. त्यामुळे सुरुवातीला साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा रोज निरखावी लागते. हे परिचारिकेकडून शिकता येते. अवघड असते ते स्वतःचा हात आवरणे. सदरा घालणे, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत उचलून ठेवणे, मायेपोटी सारेच केले जाते आणि जवानाचे दंड-खांदे कमावण्याचे काम मागे पडते. पुढे खुर्ची त्यालाच चालवायची असते.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मात्र २०१८ मध्ये मिळाली.

निवृत्तिवेतन व अन्य सवलतींविषयी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते. रुग्णालय सोडण्यापूर्वीच उपचारांची सर्व कागदपत्रे मागून घ्यावीत.