पेरलेल्या सोन्याची लेखणी

श्रोतेहो, परटाने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय हाल होतात, ते ज्याला उतला त्यालाच विचारावे! या बिब्ब्याच्या, म्हणजे आपल्या आंब्या-काजूच्याच कुळातले एक झाड जपानात आहे. त्याचे नाव उरुशी. त्याचा चीकही असाच उततो. पण त्याच चिकाने जपानी कारागिरांनी सोन्याची चित्रे काढली आणि पुढे ती चित्रे फौंटनपेनावर आली. ती कशी, ते पाहू.

आपली लाख किड्यापासून मिळते. उरुशी मिळते झाडापासून. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या झाडाला चिरा पाडून चीक गोळा करतात. सारा हंगाम खपावे तेव्हा एका झाडातून सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पावशेराच्याही आत, चीक निघतो. आणखी नवल असे, की हा लेप उन्हात ठेवून घट्ट होत नाही; त्याला दमट हवेचे कपाट लागते.

कारागीर या चिकाने चित्र रेखतो आणि ते ओले आहे तोवर त्यावर सोन्याची पूड भुरभुरतो. मग पुन्हा लेप, पुन्हा दमट कपाट आणि शेवटी कोळशाने घासून झिलई. या कलेला ‘माकीए’ म्हणतात. म्हणजे पेरलेले चित्र. शेतकऱ्याला हे नाव समजावून सांगायला नको!

हजार वर्षांहून अधिक काळ ही कला दरबाराच्या आणि सरदारांच्या आश्रयाने वाढली. १८६८ साली जपानात राजवट बदलली, पुढे सरदारांची सत्ता गेली आणि कारागिरांचा मोठा आधार तुटला. हात होते, काम कुठले आणायचे?

एक काम अनपेक्षित ठिकाणाहून आले. टोकियोच्या नौकानयन विद्यालयात शिकवणाऱ्या ऱ्योसुके नामिकी यांनी १९१८ साली मासाओ वादा या सहकाऱ्याबरोबर पेनांचा कारखाना काढला. त्या वेळी पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. उन्हाने आणि वापराने त्यांचा काळा रंग विटून तपकिरी होई. यावर तोड काय? १९२० नंतरच्या दशकात या मंडळींनी पेनावर उरुशीचा लेप चढवला. रंग टिकला. मग त्या काळ्याभोर लेपावर माकीएची चित्रे आली.

१९३० साली लंडनच्या डनहिल पेढीशी करार झाला आणि ही पेने युरोपात विकली जाऊ लागली. पेनावर कलावंत आपली सही करी. कानाझावाकडचे गोन्रोकु मात्सुदा हे त्यांतले अग्रणी. १९५५ साली जपान सरकारने माकीएसाठी त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव केला. कारखान्याचे नाव १९३८ मध्ये ‘पायलट’ झाले, तरी माकीएच्या पेनांवर ‘नामिकी’ हे नाव आजही असते.

अशा पेनाची किंमत गुरुजींच्या खिशाला झेपणारी नव्हे, आणि त्याने अक्षर सुधारते असेही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सोन्याचे चित्र नंतर आले. आधी विटणाऱ्या रंगाची अडचण होती, आणि ती जुन्या चिकाने सोडवली. कलेचे नुसते कौतुक झाले असते तर कारागिराची चूल पेटली नसती. तिला नवे काम मिळाले, म्हणून ते हात राहिले. आपल्या गावातल्या कारागिराकडे पाहताना, त्याला देण्याजोगे असे कोणते काम आपल्यापाशी आहे, हे गुरुजींनी मुलांना जरूर विचारावे.