धूर, धुराडे आणि बंद खोली : आंबेनळी घाटाच्या दोन टोकांवरील घरांतील वायुवीजनाचा इतिहास

प्रस्तावना

पोलादपूरहून निघून महाबळेश्वरास पोहोचणारा आंबेनळी घाट अभ्यासकांना परिचित आहे तो मुख्यतः जावळीचे खोरे आणि प्रतापगड यांच्या संदर्भात. ब्रिटिश अमदानीत या घाटास मुंबई इलाख्याचे गव्हर्नर (१८६७ ते १८७२) सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचे नाव देण्यात आले होते. सुमारे ४० किलोमीटरच्या या रस्त्याच्या दोन टोकांना घरातील अग्नीची दोन अगदी भिन्न व्यवस्था एकोणिसाव्या शतकापासून शेजारी नांदल्या. पायथ्याच्या घरात चूल होती, पण धुराडे नव्हते. माथ्यावरील बंगल्यात शेकोटीचा कोनाडा होता आणि त्यावर छपराबाहेर डोकावणारे धुराडे होते. आज दोन्हीकडे एक तिसरी व्यवस्था येऊ लागली आहे. गॅसवर जळणारी आणि धुराड्याची गरज नाही असे सांगून विकली जाणारी ही घरातील शेकोटी आहे. तिच्यामुळे जो धोका उद्भवतो, त्याचे मूळ यंत्रापेक्षा घराच्या इतिहासात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पायथ्याचे घर

महाड व पोलादपूर परिसरातील जुने घर कारवीच्या कुडाचे असे. डोंगरउतारावर विपुल वाढणारी कारवी तोडून तिचे कूड बांधावयाचे आणि ते शेणमातीने लिंपावयाचे, ही येथील सर्वसामान्य रीत होती. वर गवताचे किंवा नळ्याच्या कौलांचे छप्पर असे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले कोकणात सर्वत्र पसरली. पण तीही वाऱ्याला पूर्ण अडवीत नसत. कुडाचा वरचा भाग पुष्कळदा लिंपला जात नसे. भिंत आणि वळचण यांच्यामध्ये फट राहत असे.

चुलीचा धूर वर चढून आढ्याखाली पसरे आणि कौलांच्या सांध्यांतून अथवा गवतातून गाळल्यासारखा बाहेर पडे. पहाटे दुरून पाहणाऱ्यास सबंध छप्परच धुमसते आहे असे वाटावे. देशावरील धाब्याच्या घरांत धूर जाण्यासाठी छतास मुद्दाम साणे ठेवावे लागे. कोकणातील घरास त्याची आवश्यकता नव्हती, कारण त्याचे सगळे छप्पर हेच एक मोठे साणे होते. हा धूर निरुपयोगीही नव्हता. कारवी, बांबू व वासे यांना त्यामुळे कीड लागत नसे. माळ्यावरील बियाणे टिकत असे. चार महिन्यांच्या पावसात चुलीवरच्या फळीवर ओले सरपण वाळत असे.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. धूर छपरातून जाई हे खरे. परंतु छपरापर्यंत पोहोचण्यापूर्वी तो चुलीपाशी बसलेल्या स्त्रीच्या डोळ्यांतून व छातीतून जाई. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराची मोजमापे घेतली, तेव्हा या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. त्याच्या पुष्कळ आधी वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराड्याची 'मगन चूल' पुढे आली होती. १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला; तो २००२ मध्ये संपला. धुराडे साफ कोणी करावयाचे, हा साधा प्रश्न अशा योजनांत बहुधा अनुत्तरित राहिला. काजळीने नळी चोंदली की धूर पुन्हा घरात येतो आणि घरधनीण ती चूल मोडून आपली जुनी चूल मांडते.

या घरात एक जागा मात्र मुद्दाम बंद केली जाई. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. बाळंतिणीस 'वारा लागू नये' म्हणून दारे-खिडक्या लावून घेत, फटी चिंध्यांनी बुजवीत आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देत. लाकडाची चूल धुराने स्वतःची चाहूल देते. फुललेला कोळसा ती देत नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. आज विकल्या जाणाऱ्या बिनधुराड्याच्या शेकोटीचे आपल्या समाजातील खरे पूर्वरूप शोधावयाचे तर ते चुलीत सापडत नाही. ते या शेगडीत सापडते. वाऱ्याविषयीची ती भीती अजून गेलेली नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. थंडीत खिडकीची फट राहिली तर उठून ती लावणारा माणूस घरोघर असतोच.

माथ्यावरील बंगला

१८२० च्या दशकाच्या अखेरीस गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून महाबळेश्वर येथे आरोग्यस्थान वसविले. सुमारे १३७० मीटर उंचीवरील या ठिकाणी इंग्रजांनी जे बंगले उभारले, त्यांत विलायतेतील दिवाणखान्याची भिंतीतील शेकोटीही आली. तिच्या मागे युरोपातील एका दीर्घ प्रयोगाचा इतिहास होता. बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शेकोटीचा कोनाडा उथळ आणि धुराड्याचा गळा अरुंद करून धूर खोलीत न उलटता वर कसा जाईल, याचे शास्त्र मांडले होते.

उष्णतेच्या दृष्टीने ही शेकोटी उधळीच होती. बरीचशी ऊब धुराड्यातून आकाशात जाई. परंतु त्याच वेळी ती खोलीतील हवा सतत ओढून बाहेर टाकी आणि तिच्या जागी दाराच्या फटींतून ताजी हवा आत येई. वायुवीजन हा तिचा अनपेक्षित, पण मोलाचा गुण होता. १८५८ मध्ये म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी खोलीतील हवा बिघडली हे ओळखण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ही कसोटी सुचविली आणि त्याची मर्यादा हजारात एक भाग अशी धरली. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयीच्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिश्रम होते. बराकींतील दाटी आणि कोंदट हवा हा त्यातील एक प्रमुख विषय होता. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा या प्रश्नांवर पत्रव्यवहार होता.

पावसाळ्यात मात्र माथ्यावरचे घर पायथ्याच्या घरापेक्षा अधिक बंद होई. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावी भिंतींचे रक्षण करण्यासाठी बाहेरून गवताच्या ताट्या बांधण्याची प्रथा होती. अशा घरात हवा खेळती राहण्याचा भरवसा पुष्कळसा त्या धुराड्यावर असे.

ओघानेच एक गोष्ट. मराठीत 'चिमणी' हा शब्द धुराड्यासाठी येतो, तसाच काच नसलेल्या, धूर ओकणाऱ्या रॉकेलच्या दिव्यासाठीही येतो. इंग्लंडमधील खाणींत १९११ पासून १९८६ पर्यंत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी हा चिमणीएवढा पक्षी पिंजऱ्यातून नेत असत. या उपायाचे श्रेय शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांना दिले जाते. त्यांनी १८९५ मध्ये कार्बन मोनॉक्साइडचे परिणाम स्वतःच्या देहावर प्रयोग करून नोंदविले होते. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. म्हणून अल्प प्रमाणही घातक ठरते.

गॅसची शेकोटी : एक हिशेब

मुंबईत कोळशाच्या वायूचे रस्त्यावरील दिवे १८६५ मध्ये लागले. घरगुती वापराचा द्रवरूप पेट्रोलियम वायू १९५० च्या दशकात बर्मा-शेलने 'बर्शेन' या नावाने तेथेच आणला. घाटाखालच्या वाड्यांवर सिलिंडर पोहोचण्यास त्यानंतर अनेक दशके लागली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर त्याचा प्रसार वेगाने वाढला. स्त्रियांच्या डोळ्यांतील धूर गेला, ही या परिवर्तनाची खरी मिळकत आहे आणि ती परत देण्याचे कारण नाही.

परंतु त्याच काळात घरही बदलले. कुडाच्या जागी चिरा, वीट आणि सिमेंट आले. कौलांच्या जागी स्लॅब आला, लाकडी तावदानांच्या जागी सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्यानंतर पक्क्या घराची आस अधिकच तीव्र व्हावी, हे स्वाभाविक आहे. धुराचा इशारा आणि छपराची फट, या दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या अवधीत नाहीशा झाल्या. स्वयंपाकाची शेगडी तास-दोन तास चालते आणि बाईमाणूस जागी असते. शेकोटी मात्र रात्रभर चालावी, अशी अपेक्षा असते.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब व नऊ फूट उंच खोली घेऊ. तिच्यात सुमारे ३० घनमीटर हवा मावते. तासाला २०० ग्रॅम गॅस जाळणारी शेकोटी त्या अवधीत सुमारे ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व पाव लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सोडते. खोली पूर्ण बंद असेल तर तासाभरात कार्बन डायऑक्साइड शंभरात एक भाग, म्हणजे पेटेनकोफर यांच्या मर्यादेच्या दहापट होतो. प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास येतो. येथवर ज्वलन पूर्ण होत आहे असे धरले आहे. प्राणवायू घटू लागला की ज्योत निळी न राहता पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. महाबळेश्वराच्या उंचीवर हवाच विरळ असल्याने मूळ साठाही समुद्रसपाटीच्या मानाने आठव्या हिश्श्याइतका कमी असतो.

वाफेचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. पावसाळ्यात दमट घर कोरडे करण्यासाठी शेकोटी लावावी, हा अनुभव लाकडाच्या शेकोटीतून आला. तेथे वाफ धुराड्यातून निघून जाई. बिनधुराड्याची गॅस शेकोटी तीच ओल घरात टाकते. पूर्ण सिलिंडर (१४.२ किलो) जळाल्यावर तेवीस लिटरच्या आसपास पाणी भिंतींना, गाद्यांना व पुस्तकांना मिळते. बुरशी का वाढली, याचे उत्तर मग छपराच्या गळतीत शोधले जाते.

अशा शेकोट्यांत प्राणवायू सुमारे १८ टक्क्यांपर्यंत उतरला की गॅस आपोआप बंद करणारी रचना असते. ती उपयुक्त आहे, पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजीत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत बिनधुराड्याच्या शेकोट्या चालतात, मात्र खोलीच्या आकारमानाची अट असते. कॅलिफोर्नियात त्यांच्या घरगुती विक्रीस मनाई आहे. आपल्याकडील राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण व दमट हवामानातील खोलीस तळक्षेत्राच्या एक षष्ठांश खिडकी सुचविते. परंतु संहितेतील खिडकी उघडलेली असते आणि जुलैतील महाबळेश्वरची खिडकी बंद असते.

म्हणून झरोका हा खिडकीपासून वेगळा, कायम उघडा आणि थेट बाहेर उघडणारा असला पाहिजे. तो एक नको, दोन हवेत. एक छताजवळ, जेथून तापलेली दूषित हवा जाईल. दुसरा जमिनीलगत, जेथून ताजी हवा येईल. खालच्या झरोक्याचे आणखी एक काम आहे. हा इंधनवायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीवर साचतो. केवळ हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून आत येणारी वाट न ठेवणे निरर्थक आहे. झरोक्यांना उंदीर-पाखरांसाठी जाळी अवश्य असावी; मात्र ती जळमटांनी भरते, हे मगन चुलीच्या नळीचे दुखणे येथेही आहेच. निजण्याच्या खोलीत अशी शेकोटी मुळीच असू नये आणि झोपण्यापूर्वी ती बंद झालीच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे उपकरण आता बाजारात मिळते. कॅनरीचे काम ते करते.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, एका खोलीत मृतावस्थेत आढळले. थंडी म्हणून दारे-खिडक्या बंद होत्या आणि खोलीत गॅसची शेकोटी चालू होती. आपल्या शहरांत न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे घडलेल्या मृत्यूंच्या बातम्याही याच जातीच्या आहेत. आंबेनळीसारखा वळणावळणाचा घाट चढून आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत एक गफलत विशेष संभवते. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही या विषबाधेची पहिली लक्षणे आहेत आणि गाडी लागल्याचीही तीच आहेत. पाहुणा लिंबू चोखून, पांघरूण ओढून त्याच खोलीत पडून राहतो.

जुन्या बंगल्यांतील शेकोटीचे कोनाडे अजून काही ठिकाणी शाबूत आहेत. पावसाचे पाणी उतरते म्हणून धुराडे वरून बुजवावे आणि कोनाड्यात गॅसची शेकोटी बसवावी, असा विचार घरमालकाच्या मनात येणे समजण्यासारखे आहे. त्याऐवजी धुराड्यावर पावसाळी टोपी बसवून ते मोकळे ठेवता येते. ते मोकळे आहे की नाही हे पाहण्यासाठी कोनाड्याच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर सरळ वर ओढला गेला तर वाट आहे. तो खोलीकडे वळला तर गवंड्याला बोलवावे आणि तोवर शेकोटी पेटवू नये.