रतनवाडीचा अमृतेश्वर

नदीच्या उगमाजवळ एखादें लहानसें देऊळ असावें, ह्यांत नवल तें काय, असें वाचक म्हणतील. तथापि अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोलें तालुक्यांतील रतनवाडीचा अमृतेश्वर पाहून परतल्यावर कांहीं विचार आमच्या मनांत घोळत राहिले. ते येथें मांडतों.

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेनें आपण रतनगडाच्या पायथ्याशीं येतों. देऊळ आकारानें बेताचेंच. परंतु शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत गेलेल्या आहेत, त्यामुळें नजर आपोआप वर जाते. गाभाऱ्यास पुढून मंडपांतून वाट आहे, तसा मागूनहि द्वारमंडप आहे. ही रचना विरळाच. पावसाळ्यांत गाभाऱ्यांत पाणी भरून लिंग बुडून जातें. जवळच पायऱ्यांची पुष्करणी असून तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ति आहेत. शैव देवळाशेजारीं हें वैष्णव तीर्थ सुखानें नांदत आहे.

जुनें दगडी देऊळ दिसलें कीं आपण त्यास ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतों. परंतु हेमाद्रि हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. ह्या देवळाचें शिखर भूमिज पद्धतीचें आहे. त्याच पद्धतीच्या अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. अमृतेश्वरहि शिलाहारांच्याच काळचा मानतात. तें खरें, तर हेमाद्रीचा ह्याच्याशीं कांहीं संबंध उरत नाहीं.

मात्र समोरचा हा जलाशय शिलाहारांनीं पाहिलेला नाहीं. प्रवरा अडविणारें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि खोऱ्याचा तळ पाण्याखालीं गेला. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनीं तें पाणी खालच्या कोरड्या मुलखांत नेलें. राहुरी-श्रीरामपूरकडे ऊंस पिकूं लागला, आणि १९५० सालीं लोणीजवळ महाराष्ट्रांतील पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. हें कार्य मोठें, ह्यांत शंका नाहीं.

प्रवरेस अमृतवाहिनी म्हणतात. तिच्याच कांठीं नेवाशास मोहिनीरूप विष्णूचें देऊळ आहे. अमृत वाटतांना मोहिनीनें कोणास दिलें व कोणास वगळलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्यांचीं भातखाचरें बुडालीं, त्यांस ह्या नव्या वाटपांत कोणत्या पंक्तीस बसविलें, हा प्रश्न इतिहासलेखकानें विचारलाच पाहिजे. धरणास गव्हर्नर विल्सनचें नांव मिळालें, देवळास हेमाडपंताचें. ज्यांनीं दगड घडविला आणि ज्यांची जमीन गेली, त्यांचीं नांवें आमच्या पाहण्यांत कोठेंहि आलीं नाहींत.