पाळीव प्राण्यांची अ‍ॅलर्जी

पाळीव प्राण्यांची अ‍ॅलर्जी : मांजर, कुत्रा, ससा इ. प्राण्यांच्या लाळेतील, त्वचेतील व मूत्रातील प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेला अवाजवी प्रतिसाद. एकामागून एक शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, अंगावर पित्त उठणे ही नेहमीची लक्षणे. दमेकऱ्याला मात्र धाप लागते. ती अंगावर काढू नये. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला.

दोष केसांवर येतो, पण केस नुसते वाहक. मांजराचे अ‍ॅलर्जी आणणारे मुख्य प्रथिन ‘फेल डी १’ लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होते. खिडकीत उन्हाला बसलेले मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्यासह तिचा भुगा उडतो. हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात. भिंतीला, पडद्याला, शाळेच्या गणवेशाला चिकटतात. त्यामुळे मांजर कधीच न पाळलेल्या घरांतही ते सापडतात. काही जातींचे कुत्रे ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणून विकले जातात, तो दावा फसवा आहे : नेदरलँड्समधील २०१२ च्या अभ्यासात अशा जातींच्या केसांत ‘कॅन एफ १’ हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा अधिकच आढळले.

बालपणीचा सहवास : तान्हे बाळ असलेल्या घरात प्राणी नको, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटिश मुलांच्या पाहणीतून दाखवले, की मोठी भावंडे जितकी जास्त, तितका परागज्वर कमी. लहानपणी भावंडांकडून जंतुसंसर्ग झालेला बरा, हा विचार तिथून बळावला. प्राण्यांच्या सहवासाबाबत डेट्रॉइट परिसरातील ४७४ मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी घरात दोन किंवा अधिक कुत्री-मांजरे असलेल्यांपैकी १५.४ टक्के मुलांच्या त्वचाचाचणीत सहा-सात वर्षांच्या वयात अ‍ॅलर्जीची खूण दिसली. प्राणी नसलेल्या घरांत हेच प्रमाण ३३.६ टक्के होते. एकच प्राणी असल्यास मात्र फरक पडला नाही. स्वीडनमधील २०१५ च्या मोठ्या अभ्यासात कुत्र्यासोबत वाढलेल्या मुलांना शाळेच्या वयात दम्याचा धोका १३ टक्के कमी आढळला.

उलट, युरोपातील ११ जन्मगटांच्या (जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या गटांच्या) २०१२ मधील एकत्रित विश्लेषणात दम्याच्या बाबतीत फायदाही दिसला नाही आणि तोटाही. शिवाय अ‍ॅलर्जी असलेली कुटुंबे मुळातच प्राणी टाळतात, त्यामुळे अशी तुलना नेहमीच अवघड जाते. म्हणून लस टोचावी तसे पिल्लू घरी आणणे चूक. आणि असलेले पिल्लू बाळाच्या जन्माआधी धास्तीने हाकलून देणेही तितकेच चूक. ज्याला अ‍ॅलर्जी जडली आहे, त्याला मात्र बालपणीच्या सहवासाचा हा संभाव्य लाभ लागू नाही.

सोबत राहताना : प्राण्याला झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नये. झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, गालिचे काढावेत, अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. नाकातील फवारे व अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. प्रतिकारक्षमतेला सवय लावणारी इंजेक्शने साधारण तीन ते पाच वर्षे चालतात. ‘मांजर आठवडाभर मामाकडे ठेवून बघू’ या प्रयोगातून काहीच कळत नाही, कारण मांजर गेल्यावरही त्याची प्रथिने घरात कित्येक महिने टिकतात. निदान त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीनेच करावे. पुष्कळदा खरा अपराधी गादीतील धूळकिडा निघतो.