तंबूची लाकडी झालर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना स्वस्थ बसवत नाही, आणि त्यांनी बसूही नये, अशा मताचा मी एक शिक्षक आहे. म्हणून शाळा सुटताना हस्तकलेच्या वर्गातील मुलांना मी एक काम नेमून देतो. प्लायवूडचा तुकडा घ्यावा, फ्रेटवर्कच्या बारीक करवतीने त्यातून उन्हाळ्याची आठवण देणारी एखादी वस्तू कापावी आणि जूनमध्ये ती शाळेत आणून दाखवावी. कोणी होडी आणतो, कोणी आंब्याची डहाळी, कोणी हातपंखा. एका वर्षी एका विद्यार्थ्याने जुन्या रेल्वे-स्थानकांच्या छपराच्या कडेला असते तशी लाकडी झालर कापून आणली. तिचे एक टोक वाटेतच मोडले होते. तो मोडका तुकडा हातात धरून त्याने मला विचारले, ‘‘सर, हिच्याने ना ऊन अडत, ना पाऊस. शिवाय ती अशी मोडते. मग लोक ती करीत तरी कशासाठी?’’

प्रश्न साधा होता. परंतु मला त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही. पुढे वाचन करीत असता ते सापडले, आणि तेही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील एका लहानशा बेटावर. त्या बेटावरील एका उन्हाळी वस्तीची हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम त्या हत्याराविषयी दोन शब्द. सामान्य करवत लाकडाच्या कडेकडून शिरते आणि सरळ जाते. फ्रेटवर्कची करवत फळीच्या मध्यभागी शिरू शकते, हे तिचे वैशिष्ट्य होय. गिरमिटाने एक भोक पाडावयाचे, कमानीत ताणलेले बारीक पाते एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवावयाचे आणि पुन्हा ताणून बसवावयाचे. पाते इतके अरुंद असते, की ते पाहिजे त्या वळणावर वळते. म्हणूनच लाकडाला जाळी पाडता येते, वेल काढता येते. मात्र लाकडाच्या रेषा आडव्या तुटतील असा नाजूक भाग ठेवला, की तो मोडलाच म्हणून समजावे. माझ्या विद्यार्थ्याची झालर मोडली ती याच कारणाने.

युरोपात ही कला प्रथम धनिकांच्या घरी वाढली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) नावाचा विख्यात कारागीर होता. कासवाच्या पाठीचे कवच व पितळ यांचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून तो ते एकाच वेळी कापी, आणि एकाचा कापलेला आकार दुसऱ्याच्या पोकळीत बसवी. त्यामुळे एकाच कापणीतून परस्परांच्या उलट अशा दोन नक्ष्या तयार होत. ही कपाटे व मेजे राजवाड्यांसाठी असत. सामान्य माणसाच्या वाट्याला त्यांचे दर्शनही क्वचितच येई.

एकोणिसाव्या शतकात या करवतीला यंत्राची जोड मिळाली आणि चित्र पालटले. लाकडाच्या गिरण्यांत ती वाफेवर चालू लागली. लहान कारखान्यांसाठी व घरांसाठी पायाने चालविण्याची यंत्रे निघाली. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंनी तर पायडलांवर पाय मारीत बसण्याचे एक यंत्र काढले होते. चार-पाच फळ्या एकत्र ठोकून वरच्या फळीवर आकृती काढली, की एकाच फेरीत चार-पाच झालरी तयार होत. राजाच्या कारागिराची युक्तीच ही. फरक एवढाच, की कासवाच्या पाठीऐवजी आता साधे पाइनचे लाकूड होते आणि गिऱ्हाईक राजा नसून सुतार, दुकानदार वा नावाडी होता.

सर्वांनाच हे रुचले असे नाही. अमेरिकन घरांच्या रचनेवर लिहिणारा प्रसिद्ध ग्रंथकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग (१८१५–१८५२) हा स्वतः नक्षीदार गॉथिक घरांचा पुरस्कर्ता. तरी पातळ फळीतून कापलेल्या झालरींवर त्याने कठोर टीका केली. त्या त्याला ‘जिंजरब्रेड’ म्हणजे आले घालून केलेल्या नक्षीदार गोड पावासारख्या दिखाऊ वाटत. हा शब्द निंदेचा होता. पण लोकांनी तो हसत स्वीकारला, आणि आजही त्या घरांना याच नावाने ओळखतात.

आता त्या बेटाकडे वळू. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिणेस समुद्रात मार्थाज् व्हिन्यर्ड हे बेट आहे. त्यावरील एडगारटाउन हे त्या काळी देवमाशांच्या शिकारीवर गब्बर झालेले बंदर होते. तेथील जेरेमाया पीझ नावाच्या एका मेथडिस्ट गृहस्थाने बेटाच्या उत्तर भागातील ओक वृक्षांची एक राई निवडली, आणि १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे नऊ तंबू उभे राहिले. निमित्त होते आठवडाभराच्या प्रार्थनामेळ्याचे.

असे मेळे अमेरिकेत नवे नव्हते. १८०१ साली केंटकी राज्यातील केन रिज येथे भरलेल्या प्रचंड मेळ्यापासून त्यांची परंपरा रूढ झाली होती. पेरणी-कापणीच्या कामांतून उसंत मिळाली, की दूरदूरचे लोक गाड्या जोडून रानात येत, तंबूत राहत, दिवसातून तीन-तीन वेळा प्रवचने ऐकत. मी स्वतः कॅथॉलिक असल्याने मेथडिस्टांच्या उपासनापद्धतीशी माझा परिचय पुस्तकी आहे. परंतु पंढरीच्या वाटेवरील पालखीतळ ज्याने पाहिला आहे, त्याला या मेळ्याचे अंतरंग समजण्यास अडचण पडू नये. राहुट्या ठोकाव्यात, भजनात रात्र जागवावी, चुलीवरचे शेजाऱ्यासह वाटून खावे. घरच्या मानापमानांना तेथे थारा नाही.

बेटावरील त्या राईला मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या नावावरून ‘वेस्लियन ग्रोव्ह’ हे नाव पडले. आरंभी प्रत्येक गावच्या मंडळीचा एक मोठा तंबू असे; मधोमध पडदा टाकून एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया झोपत. पुढे कुटुंबे वेगळे तंबू आणू लागली. दरवर्षी त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांजवळ आपला तंबू असावा असे प्रत्येकास वाटू लागले. मग कोणी तंबूखाली फळ्यांची जमीन केली, कोणी पुढे लाकडी दार बसविले. १८५९ नंतर तंबूच्या जागी लहान लाकडी घरे उठू लागली, आणि पुढील वीस वर्षांत त्यांची संख्या सुमारे पाचशेवर गेली.

ही घरे बांधणाऱ्यांनी तंबू मोडला, पण तंबूचा आकार मोडला नाही. घराची रुंदी तंबूइतकीच, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा फूट. छप्पर तंबूसारखेच उभट. समोर मधोमध दोन झडपांचे कमानदार दार. तंबूचे पडदे दोहो बाजूंस सारावेत तसे ते उघडते. दाराच्या दोहो अंगांस चर्चच्या खिडक्यांची आठवण देणाऱ्या दोन अरुंद खिडक्या, आणि वरच्या मजल्यावर लहानसा सज्जा. भिंतीला आतून खांबांचा सांगाडा नाही. खोबणीत बसविलेल्या उभ्या फळ्या हीच भिंत. बाहेरून जी फळी दिसते, तीच आतून दिसते. थंडीवाऱ्यात असे घर निरुपयोगी. ते केवळ उन्हाळ्यापुरतेच.

आणि या साध्या फळकुटांच्या घरांना छपराच्या कडेने, सज्जाच्या कठड्याने, ओसरीच्या खांबांमधून त्या बारीक करवतीने कापलेल्या झालरी लागल्या. पाने, वेल, गोलाकार जाळ्या, थेंबांसारखी लोंबती टोके! शेजारच्याहून आपली नक्षी निराळी हवी अशी जणू चढाओढ लागली. एका घराला तर लोक ‘लाकडी व्हॅलेंटाइन’ म्हणूनच ओळखतात. तंबूच्या कापडाला कडेने जशी कातरलेली झालर असे, तशीच आता ती लाकडाची होती. वाऱ्यावर हलत नव्हती, एवढेच.

येथे एक प्रश्न उभा राहतो. साधेपणाचा उपदेश करणाऱ्या पंथाचे हे लोक. ते पश्चात्तापासाठी रानात आले आणि नक्षीकामात गुंतले, ही त्यांची अधोगती म्हणावी काय? तशी चिंता तेथील वडीलधाऱ्यांना खरोखरच होती. १८६६ मध्ये काही व्यापाऱ्यांनी राईला लागूनच जमीन घेऊन उन्हाळी करमणुकीचे नगर वसविण्यास आरंभ केला. तेव्हा मेळ्याच्या चालकांनी दोहोंमध्ये सात फूट उंचीचे कुंपण घातले. पण कुंपणाने वारा अडत नाही. १८६९ साली व्यापारी मंडळींनी कागदी कंदिलांची रोषणाई केली, आणि थोड्याच काळात मेळ्यातील घरांच्या झालरींनाही कंदील लटकू लागले. आजही ऑगस्टमध्ये एका रात्री सर्व दिवे मालवून लोक प्रार्थनामंडपात एकत्र गातात आणि मग घरोघर कंदील उजळतात. तो मंडप लोखंडाचा असून १८७९ मध्ये उभारला गेला. त्यापूर्वी तेथे कापडाचा भव्य तंबू असे. १८७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट येथे येऊन गेले. १८८० मध्ये ही वस्ती एडगारटाउनपासून विभक्त होऊन ‘कॉटेज सिटी’ म्हणजे कुटिरांचे नगर बनली, आणि १९०७ मध्ये तिला ‘ओक ब्लफ्स’ हे आजचे नाव मिळाले.

मला मात्र त्या झालरीत अधोगती दिसत नाही. जो माणूस वर्षातून काही आठवडेच जेथे राहणार, त्याने ती जागा सुंदर करावी, यात गर्वापेक्षा कृतज्ञता अधिक आहे. ती नक्षी घराच्या आत नव्हती, बाहेर होती. तिचा आनंद मालकापेक्षा वाटेने जाणाऱ्यालाच अधिक मिळे.

परंतु शिक्षकाने गोष्ट अर्धी सांगू नये. हे उघडे दार सर्वांसाठी सारखेच उघडे होते काय? बेटावरील परंपरेनुसार मेथडिस्ट उपदेश तेथे प्रथम आणणारा जॉन सॉन्डर्स हा एक कृष्णवर्णीय, पूर्वी गुलाम असलेला माणूस होता. तो १७८७ मध्ये तेथे आला. तथापि सव्वाशे वर्षांनंतरही कृष्णवर्णीय प्रवाशाला बेटावरील बहुतेक हॉटेलांत जागा मिळत नसे. म्हणून व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेले चार्ल्स शिअरर व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १९१२ मध्ये ओक ब्लफ्सच्या उंचवट्यावर आपल्या घरीच पाहुण्यांसाठी निवास उघडला. गायक व संगीतकार हॅरी बर्ली यांच्यासारखे नामवंत तेथे उतरत. पुढे ओक ब्लफ्स हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचे एक मानाचे उन्हाळी स्थान बनले. ज्यांना दुसऱ्यांच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांनी स्वतःचे दार बांधून इतरांसाठी ते उघडे ठेवले. हाही त्या बेटाच्या इतिहासाचाच भाग होय.

इतकी नाजूक घरे टिकली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. आज त्यांपैकी तीनशेंहून थोडी अधिक शिल्लक आहेत. घर कुटुंबाचे, पण त्याखालची जमीन १८६८ मध्ये अधिकृत झालेल्या मेळ्याच्या संस्थेची, अशी तेथील व्यवस्था आहे. त्यामुळे कोणा एकाला चार भूखंड जोडून मोठी इमारत उठविणे सोपे राहिले नाही. दुसरे कारण त्याहून साधे आहे. झालरीचा एक तुकडा कुजला, की त्याच्या शेजारचा धड तुकडा काढून त्यावरून आकृती गिरवावी आणि नवा कापावा. त्यासाठी राजाचा कारागीर लागत नाही. जे सहज मोडते, तेच सहज दुरुस्तही होते. आणि ज्याची दुरुस्ती घरच्या माणसांच्या हाती असते, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००५ मध्ये अमेरिकन शासनाने या वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

श्रोतेहो, आपल्याकडील जुन्या रेल्वे-स्थानकांच्या व थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांच्या छपरांना ज्या लाकडी झालरी दिसतात, त्याही याच यंत्रयुगाच्या. त्यांपैकी पुष्कळ आता पत्र्याखाली झाकल्या गेल्या किंवा सरपणात गेल्या. आपल्या गावी एखादी उरली असेल, तर तिच्यावरून निदान एक कागद गिरवून ठेवावा, एवढीच माझी विनंती. सुट्टीतील मुलांना त्याहून चांगले काम कोणते?

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या वर्षी ही सर्व गोष्ट सांगितली. ऊन-पाऊस अडविण्यासाठी छप्पर असते. झालर असते ती ‘येथे माणसे आनंदाने आली होती’ हे येणाऱ्याजाणाऱ्यास सांगण्यासाठी, असे मी म्हणालो. त्याने क्षणभर विचार केला आणि मग विचारले, ‘‘मग सर, ते मोडलेले टोक पुन्हा कापून बसवू का?’’

मी त्याला गिरमिट दिले.