विश्लेषण : मांजराच्या मूत्रपिंडाचा आजार घरी कसा सांभाळायचा?

वय झालेलं मांजर अचानक जास्त पाणी पिऊ लागलं, की ‘उन्हाळा आहे’ म्हणून विषय सोडून दिला जातो. मात्र सात-आठ वर्षांपुढच्या मांजराची वाढलेली तहान हे मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचं लक्षण असू शकतं. हा आजार पूर्ण बरा होत नाही. तरीही तो वेळेत कळला आणि घरी नीट काळजी घेतली, तर अनेक मांजरं पुढे काही वर्षं चांगली जगतात.

आजार उशिरा का कळतो?
मूत्रपिंडातले रक्त गाळणारे काही सूक्ष्म घटक निकामी झाले, तरी उरलेले घटक त्यांचं काम उचलतात. साधारण दोन तृतीयांश क्षमता गेली की लघवी पातळ आणि जास्त होऊ लागते, म्हणून तहान वाढते. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर सुमारे पाऊण क्षमता संपलेली असते. वजन घटणं, भूक मंदावणं, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी ही पुढची लक्षणं. मांजर नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तहान मधुमेह आणि थायरॉईडमुळेही वाढते, त्यामुळे अंदाजाने उपचार करू नयेत.

खाण्यापिण्यात काय बदलायचं?
पाणी कधीही तोडायचं नाही. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट वाट्या ठेवाव्यात, त्याही लिटर ट्रेपासून दूर. ओलं अन्न दिल्यास पाणी आपोआप पोटात जातं. सुका बोंबील, सुकट असे खारवलेले पदार्थ टाळावेत.

या आजारात फॉस्फरस कमी असलेलं अन्न सर्वांत उपयोगी ठरतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं तयार खाद्य पशुवैद्यांच्या सल्ल्याने मिळतं. ते जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदल करावा. नुसता चिकन-भात हा कायमचा पर्याय नाही, कारण त्यात कॅल्शियमसह काही आवश्यक घटक कमी पडतात. मांजर नवं खाद्य तोंडात घेतच नसेल, तर उपाशी ठेवून हट्ट करू नये. काही दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो.

घरी सलाईन देता येतं का?
येतं, पण आधी पशुवैद्यांकडून शिकून. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून त्याखाली रिंगर लॅक्टेटसारखं द्रव सोडतात. त्या जागी येणारा मऊ फुगवटा काही तासांत जिरतो. सुई दर वेळी नवी हवी. किती आणि कितीदा द्यायचं, हे पशुवैद्यच ठरवतात, कारण हृदयविकार असलेल्या मांजराच्या छातीत जादा द्रव साचू शकतो. घरात उरलेली माणसांची ग्लुकोजची बाटली वापरू नये.

काय कटाक्षाने टाळायचं?
माणसांची वेदनाशामकं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडावर घाला घालतात. पुष्पगुच्छात येणारी लिलीची फुलंही घरात नकोत. त्यांचे परागकण अंगावरून चाटले गेले, तरी निरोगी मूत्रपिंडही निकामी होऊ शकतं.

नोंद कशाची ठेवायची?
दर आठवड्याला वजन, रोजचं खाणं, उलट्या आणि लघवीचे गोळे. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो घटण्यासारखं आहे. केसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्यावर मात्र लगेच कळतं.

दवाखान्यात लगेच कधी न्यायचं?
२४ तास काहीच न खाणं, वारंवार उलट्या, अचानक न दिसणं, तोंड उघडून श्वास घेणं, ही धोक्याची चिन्हं आहेत. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

उपचार कुठवर करायचे?
शेवटच्या टप्प्यात हा प्रश्न येतोच. मांजर खातं का, अंग चाटून स्वच्छ ठेवतं का, आवडत्या जागी जाऊन बसतं का, हे कॅलेंडरवर रोज नोंदवावं. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले, की वेदनारहित दयामरणाबद्दल पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलावं. तो निर्णय घेणं म्हणजे काळजीत कमी पडणं नव्हे.