पॅलिओ आहार आणि दारू : कोणती ‘चालते’, आणि शुगर कमी आली तर खूश का होऊ नये

“डॉक्टर, पॅलिओ सुरू केलंय. बिअर बंद केली. आता फक्त व्हिस्की, तीही पाण्यातून. चालेल ना?” हा प्रश्न आता तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यातही येतो. विचारणारा बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीचा असतो. वजन वाढलेले, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, आणि अनेकदा मधुमेहाची गोळी चालू. पुढे तो आनंदाने सांगतो, “आदल्या रात्री दोन पेग घेतले तरी सकाळी शुगर उलट कमी आली.”

हा लेख मुख्यतः त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. दारूनंतर शुगर कमी येणे हा फायदा नसून धोक्याची सूचना आहे. आधी कोणत्या पेयात काय असते ते पाहू आणि मग या सूचनेकडे येऊ.

पॅलिओ म्हणजे काय?

पॅलिओ म्हणजे अश्मयुगीन आहार. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात असेल तेवढेच खावे, अशी त्यामागची कल्पना आहे. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंदमुळे आणि सुकामेवा चालतो. धान्य, डाळी, दूध, साखर आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ चालत नाहीत. शेंगदाणा हे शेंगवर्गीय पीक असल्यामुळे तोही बाद. अमेरिकेतील लोरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या पुस्तकानंतर हा आहार जगभर पसरला.

आपल्याकडे पॅलिओ, कीटो आणि लो-कार्ब हे शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण ते एक नाहीत. पॅलिओत रताळे, केळे, बीट चालते. कीटोत तेही जवळपास बंद असते. प्रत्यक्षात मात्र भात, भाकरी, चपाती आणि डाळ एकदम बंद केली की पोटात जाणारे पिष्टमय पदार्थ खूपच कमी होतात. दारूच्या बाबतीत हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

अश्मयुगात दारू होती का?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला जागा आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांना १९५० च्या दशकात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. त्या माणसाने कधी जास्त पिकून आंबलेले फळ खाल्ले असेल, तेवढाच त्याचा अल्कोहोलशी संबंध. धान्याची बिअर शेतीनंतर आली आणि भट्टीत गाळलेली दारू त्याच्याही फार नंतर.

याच प्रवरेच्या काठी, लोणीजवळ प्रवरानगरला, १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसापासून साखर काढल्यावर उरते ती मळी. मळीपासून मद्यार्क तयार होतो. देशी दारू, रम आणि आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्कींमध्ये हाच मद्यार्क असतो. तेव्हा नियमाप्रमाणे पाहिले तर पॅलिओत कोणतीच दारू बसत नाही. ‘ही दारू पॅलिओ आहे’ असे कोणी म्हणाले तर ती त्याने स्वतःला दिलेली सवलत समजावी.

कोणत्या पेयात किती?

अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात. साखरेच्या एका ग्रॅममधून ४ मिळतात. खालचे आकडे अंदाजे आहेत. आपल्या बाटलीवरचे टक्के एकदा वाचून घ्या.

- व्हिस्की, रम, व्होडका, जिन, ब्रँडी (४२.८ टक्के), ३० मिलीचा स्मॉल पेग : अल्कोहोल १० ग्रॅम, ७० कॅलरी, साखर जवळजवळ शून्य.
- हीच दारू, १८० मिलीची क्वार्टर : अल्कोहोल ६० ग्रॅम, सुमारे ४२५ कॅलरी. म्हणजे साधारण दोन ज्वारीच्या भाकऱ्यांइतक्या कॅलरी, पण पोषण काहीच नाही.
- माइल्ड बिअर (५ टक्के), ६५० मिलीची बाटली : अल्कोहोल २५ ग्रॅम, शिवाय २० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ.
- स्ट्राँग बिअर (८ टक्के), ६५० मिली : अल्कोहोल ४० ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल पेग. “मी फक्त एक बिअर घेतो” म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.
- ड्राय वाईन (१३ टक्के), १५० मिलीचा ग्लास : अल्कोहोल १५ ग्रॅम, साखर थोडी.
- पोर्टसारखी गोड वाईन आणि फळांच्या चवीची गोड बाटलीबंद पेये : अल्कोहोल आहेच, वर भरपूर साखर.
- कोलाचा ३०० मिलीचा ग्लास : ३० ग्रॅमहून जास्त साखर. पॅलिओ पाळायचे आणि रम कोलातून घ्यायची, याला काही अर्थ नाही.

वाईनबद्दल वेगळे सांगायला हवे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी त्याला विरोध केला. वाईनला दारू म्हणायचे की नाही, यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. शरीरापुरते उत्तर सोपे आहे : वाईनच्या एका ग्लासात दीड स्मॉल पेगाइतके अल्कोहोल असते. यकृताला ते द्राक्षाचे की मळीचे, हे कळत नाही.

नीरा, ताडी आणि मोहाची दारू ‘नैसर्गिक’ म्हणून चालते का, असेही विचारतात. ताज्या नीरेत अल्कोहोल नसते, पण साखर भरपूर असते आणि उन्हात काही तासांतच ती आंबू लागते. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळल्याचे प्रकार राज्यात वारंवार उघडकीस आले आहेत. मोहाची किंवा हातभट्टीची दारू किती कडक आहे, तिच्यात काय मिसळले आहे, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

मग सकाळी शुगर कमी का येते?

आपण जेवत नसतो, झोपेत असतो, तेव्हा रक्तातली साखर टिकवून ठेवण्याचे काम यकृत करते. त्यासाठी ते दोन गोष्टी करते : साठवलेली साखर सोडते आणि प्रथिनांसारख्या पदार्थांपासून नवी साखर तयार करते.

पिष्टमय पदार्थ फार कमी केले की पहिला साठा आटतो. मग सगळी मदार नवी साखर तयार करण्यावर राहते. नेमके हेच काम अल्कोहोल रोखते, कारण यकृत आधी अल्कोहोल जाळण्यात गुंतते. एक स्मॉल पेग जाळायला साधारण एक तास किंवा जास्त लागतो. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहापर्यंतही पूर्ण गेलेली नसते.

अशा वेळी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन साखर खाली ओढतच असते. साठा रिकामा, कारखाना बंद आणि वर औषधाचा जोर. साखर पहाटे ७० च्या खाली, कधी ४० च्याही खाली जाते. सकाळी ग्लुकोमीटरवर आलेला ‘छान’ आकडा हा या घसरणीचा एक टप्पा असू शकतो. हा धोका दारू प्यायल्यानंतर २४ तासांपर्यंत राहू शकतो.

चकण्यामुळे यात आणखी भर पडते. पॅलिओवाले फरसाण आणि शेंगदाणे सोडून उकडलेली अंडी, काकडी, चिकन घेतात. वजनासाठी ते बरे आहे. पण यात पिष्टमय काहीच नसल्याने शुगर सांभाळायला त्याचा लगेच उपयोग होत नाही. दिवसातून दोनदाच जेवणाऱ्यांनी जेवणांमधल्या रिकाम्या वेळेत प्यायले तर धोका आणखी वाढतो.

घरच्यांसाठी : नशा की शुगर कमी?

हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा. शुगर कमी झाल्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात : बोलणे अडखळणे, तोल जाणे, चिडचिड, घाम, थरथर, मग गाढ झोप. “जास्त झालीय, झोपू द्या” म्हणून दार लोटून घेतले जाते आणि माणूस सकाळी उठत नाही.

- मधुमेहाचे औषध घेणाऱ्या माणसाने दारू प्यायली असेल आणि तो विचित्र वागत असेल, तर आधी ग्लुकोमीटरवर शुगर पाहा. मीटर नसेल तर शुगर कमी आहे असे धरूनच वागा.
- शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. नंतर भाकरी, केळे असे काही खायला द्या. रात्रीतून पुन्हा एकदा शुगर पाहा.
- शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात दारू आणि औषधे, दोन्हींबद्दल खरे सांगा. लपवण्यात वेळ जातो.

कोणी अजिबात घेऊ नये?

- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेत असाल तर लो-कार्ब आहार आणि दारू एकत्र करू नका.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर पिष्टमय पदार्थ बंद करून दारू घेतल्यास रक्तात आम्ल साचू शकते. शुगर फार वाढलेली नसतानाही हे होते. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास अशी लक्षणे दिसली तर ‘हँगओव्हर’ समजून घरी थांबू नका.
- मेटफॉर्मिन चालू असताना जास्त दारू प्यायल्यासही रक्तातील आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.
- फॅटी लिव्हर, कावीळ, स्वादुपिंडाची सूज किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेले असणारे.
- गाऊट असणारे. पॅलिओतले जास्तीचे मटण आणि बिअर, दोन्ही युरिक ॲसिड वाढवतात.
- क्षयरोगाची औषधे, मेट्रोनिडाझोल, झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणारे.
- गरोदर स्त्रिया आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया.

बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवावे. आरोग्यासाठी दारूचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध आहे. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांचा तोंडाच्या कर्करोगाचा धोका दारूने आणखी वाढतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला सुमारे ११२ ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊ नये. दोन क्वार्टरमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते.

तरीही घेणार असाल तर

‘कधीच नको’ असे सांगितल्यावर सगळे ऐकतात असे नाही, हे मला ठाऊक आहे. वरच्या यादीत आपण बसत नसाल आणि हळदीला, पार्टीला घेणारच असाल, तर नुकसान कमी करण्यासाठी एवढे करा.

- एक किंवा फार तर दोन स्मॉल पेग, पाणी किंवा साध्या सोड्यातून. कोला, टॉनिक, बाटलीबंद ज्यूस नको.
- रिकाम्या पोटी नको. आधी जेवा. जेवणात उकडलेले रताळे किंवा केळे असू द्या. ते पॅलिओतही चालते.
- प्रत्येक पेगनंतर एक ग्लास पाणी प्या.
- परत येताना गाडी दुसऱ्याने चालवावी. एका पेगनंतरही हाच नियम.
- सीलबंद, परवानाधारक दुकानातलीच घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये, निवडणुकीच्या काळात, नगर तालुक्यातील पांगरमल येथे बनावट दारूने माणसे दगावली. फुकट मिळालेल्या बाटलीत काय आहे, हे कोणालाच माहीत नसते. अशा दारूनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही धूसर दिसू लागले, पोट दुखले, श्वास जोराने चालू लागला, तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा. मेथॅनॉलच्या विषबाधेवर उपचार आहेत, पण ते वेळेत मिळाले पाहिजेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रममध्ये साखर असते का? रम मळीपासून बनते, पण गाळताना साखर मागे राहते. साध्या रममध्ये ती नगण्य असते. धोका साखरेचा नाही, अल्कोहोलचा आहे.

पार्टीच्या दिवशी मधुमेहाची गोळी चुकवली तर? स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, वाढवूही नका. खरे तर पॅलिओ किंवा लो-कार्ब सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटून औषधाचा डोस कमी करावा लागेल का, हे विचारायला हवे.

दारू घेऊन वजन कमी होईल का? शरीर आधी अल्कोहोल जाळते आणि तोपर्यंत चरबी तशीच राहते. पॅलिओ पाळूनही वजन हलत नसेल तर आठवड्यातल्या पेगांचा खरा हिशेब लिहून काढा.

मी रोज घेतो. पॅलिओसाठी उद्यापासून एकदम बंद करू? अनेक वर्षे रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास हात थरथरणे, भास, फिट्स येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास जिवावरही बेतू शकतो. दारू जरूर सोडा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मानसिक ताणासाठी टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येते.

पुढच्या तपासणीला येताना शुगरच्या वहीत दारू घेतलेल्या तारखांवर खूण करून आणा. त्या खुणांशेजारचे कमी आकडे पाहून आम्हाला डोस ठरवता येतो. वहीवरून तुम्हाला कोणी रागावणार नाही.

(हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या आजारानुसार आणि औषधांनुसार सल्ला वेगळा असू शकतो. आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटूनच निर्णय घ्या.)